दिसायला लहान जखम : मांजरदंशावरील उपचारांचा अनुभव

भटके मांजर चावले किंवा त्याने बोचकारले तर काय करावे, या प्रश्नाचे वैद्यकशास्त्रातील उत्तर पुरते ठरलेले आहे : जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुणे, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करणे, दात खोल गेले असल्यास जखमेतच प्रतिपिंडांचे इंजेक्शन घेणे आणि लशीच्या सगळ्या मात्रा ठरलेल्या तारखांना पूर्ण करणे. सार्वजनिक रुग्णालयाच्या रेबीज लसीकरण कक्षात ज्यांच्या नोकरीची बरीच वर्षे गेली आहेत, अशा परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा अनुभव मात्र असा, की या उत्तरातील एकही पायरी अवघड नसताना जवळजवळ प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी थांबते, आणि थांबण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे मांजराची जखम दिसायला क्षुल्लक असते. कुत्रा चावलेला माणूस घाबरून धावत येतो. मांजर चावलेला माणूस पुष्कळदा दुसऱ्याच कामासाठी रुग्णालयात आलेला असतो आणि जाता जाता बोट पुढे करतो. मुंबईतील एका महापालिका रुग्णालयाच्या अशा कक्षातील कामाने काय शिकवले, त्याचे हे निवेदन आहे.

रेबीज हा विषाणूजन्य आजार बाधित प्राण्याच्या लाळेतून पसरतो. लाळ जखमेत उतरली, की विषाणू तेथील मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचतो. दंशापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या या काळाला अधिशयन काळ म्हणतात, आणि तो बहुधा एक ते तीन महिन्यांचा, क्वचित आठवडाभराचा, तर क्वचित वर्षाहून अधिक असतो. लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे जे काही करायचे ते याच काळात, आणि तेही त्याच्या अगदी सुरुवातीला करावे लागते. जगभरात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत विषाणू कुत्र्याकडून आलेला असतो, आणि मांजराने काही होत नाही, असा सोयीचा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. मांजर हे या विषाणूचे कायमचे आश्रयस्थान नाही, हे खरे. पण पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेले मांजर स्वतः पिसाळते आणि त्याच्यापासून माणसाला होणारा आजार तितकाच प्राणघातक असतो. मांजर सतत पंजे चाटत असल्यामुळे त्याच्या नखांवरही लाळ असू शकते, आणि म्हणूनच ‘सिस्टर, नुसतं नख लागलंय’ हे वाक्य कक्षात कितीही वेळा ऐकू आले, तरी त्यावर विसंबून कोणालाही परत पाठवले जात नाही.

नख लागले, की दात लागले, यापेक्षा कातडीचे काय झाले, हे उपचार ठरवताना पाहिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी तीन वर्ग केले आहेत. प्राण्याला हात लावणे, खायला घालणे किंवा त्याने धडधाकट कातडी चाटणे हा पहिला वर्ग, आणि त्यात धुण्यापलीकडे काहीही लागत नाही. उघड्या कातडीला हलके कुरतडणे किंवा रक्त न आलेला ओरखडा हा दुसरा वर्ग, आणि त्यात लस लागते. कातडी भेदून गेलेला दंश किंवा ओरखडा, तसेच डोळे, ओठ किंवा आधीच्या जखमेवर लागलेली लाळ हा तिसरा वर्ग, आणि त्यात लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडेही द्यावी लागतात. मांजराचे सुळे सुईसारखे बारीक असल्यामुळे कातडीवर ठिपक्याएवढेच छिद्र दिसते, रक्ताचा एखादा थेंब येऊन थांबतो आणि रुग्ण आपल्या मनाने स्वतःला दुसऱ्या वर्गात घालून मोकळा होतो. वास्तविक तो तिसऱ्या वर्गातला असतो. नव्या परिचारिकेला कक्षात पहिल्यांदा शिकवले जाते ते हेच, की मांजराच्या जखमेची रुंदी पाहून तिची खोली ठरवू नये.

मासळी बाजारातून येणाऱ्या स्त्रियांनी या धड्याची दुसरी बाजू दाखवली. पाटीजवळ घुटमळणाऱ्या बोक्याला हुसकावताना तो उलटून चावतो, विक्री मोडू नये म्हणून बाई त्याच ओल्या हाताने दिवसभर मासे कापते, घरी गेल्यावर हळद दाबते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ वळत नाही, म्हणून रुग्णालयात येते. अशा रुग्णाच्या तोंडी रेबीजचे नावही नसते. तर्जनी लाल, टणक आणि तापलेली असते, सूज तळहातापर्यंत उतरलेली असते आणि बोट सरळ करू गेले, तरी कळ येते. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जिवाणू फार सर्रास असतो, बारीक दातांमुळे तो खोलवर पेरला जातो, वरचे छिद्र लगेच मिटते आणि आत १२ ते २४ तासांत संसर्ग फोफावतो. हाताच्या बोटांत हाडांचे सांधे आणि स्नायुरज्जूंची आवरणे कातडीच्या अगदी जवळ असल्यामुळे तेथे पू झाला, तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि बोट कायमचे ताठ राहण्याची भीती असते. म्हणूनच हाताला, सांध्याजवळ किंवा चेहऱ्यावर मांजर चावले असल्यास पुष्कळदा सूज येण्याची वाट न पाहता डॉक्टर प्रतिजैविके, म्हणजे जिवाणूंना मारणारी औषधे, सुरू करतात आणि धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी कधी घेतले, ते विचारून गरजेप्रमाणे तेही देतात. बोक्याच्या भीतीने न आलेली बाई बोटाच्या ठणक्याने आली आणि त्यामुळे तिची रेबीजची लसही सुरू झाली, असे या कक्षात अनेकदा घडले आहे.

जखम धुण्याची पायरी रुग्ण आधीच पार पाडून आला असेल, असे गृहीत धरण्याची सवय कक्षाने हळूहळू सोडली. ‘धुतली का?’ असे विचारले, की बहुतेक जण होकार देतात, आणि अधिक विचारता कळते, की नळाखाली बोट क्षणभर धरून रुमालाला पुसले होते. आता विचारपूस बाजूला ठेवून रुग्णाला आधी बेसिनपाशी नेले जाते : नळाची धार मध्यम ठेवायची, धुण्याचा साधा साबण जखमेवर आणि भोवतालच्या कातडीवर फेस येईपर्यंत लावायचा, फेस धारेखाली जाऊ द्यायचा, पुन्हा लावायचा, आणि भिंतीवरच्या घड्याळात १५ मिनिटे पुरी होईपर्यंत हात काढायचा नाही. पाच मिनिटांनंतर रुग्ण मान वर करून पाहतो, दहा मिनिटांनंतर मागे रांगेतले लोक कुरकुरतात, तरीही ही वेळ कमी केली जात नाही, कारण रेबीजच्या विषाणूभोवती मेदाचे पातळ आवरण असते, साबणाने ते विरघळते आणि विषाणू निष्प्रभ होतो. दंशाला काही तास लोटले असले, तरी धुण्याचा उपयोग असतो. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिनसारखे जंतुनाशक लावतात. हळद, चुना, मिरचीपूड, तपकीर, तेल, कॉफीपूड यांपैकी जे काही घरी लावले असेल, ते या वेळी धुऊन काढावे लागते; या पदार्थांनी जखम चुरचुरते, विषाणू खोल ढकलला जाण्याचा धोका राहतो आणि मुख्य म्हणजे काहीतरी केल्याचे समाधान मिळून रुग्णालयात येणे लांबते. जखमेवर घट्ट पट्टी बांधत नाहीत आणि टाकेही शक्यतो घालत नाहीत.

लस टोचल्यावर शरीर स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने, तयार करू लागते. पण ती पुरेशी व्हायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या अवधीत जखमेतला विषाणू मज्जातंतूंत शिरू शकतो. ही फट बुजवण्यासाठी तिसऱ्या वर्गाच्या रुग्णाला तयार प्रतिपिंडे देतात. माणसाच्या रक्तातून काढलेली असल्यास वजनाच्या दर किलोमागे २० एकके आणि घोड्याच्या रक्तातून काढलेली असल्यास ४० एकके, असे त्यांचे प्रमाण असते. अलीकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या, एकाच प्रकारच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या प्रतिपिंडांचाही पर्याय मिळाला आहे. दंडात किंवा कमरेत टोचून हे काम भागत नाही, औषध जखमेत आणि तिच्या कडेने भरावे लागते. बोटाच्या टोकावरील ठिपक्याएवढ्या छिद्रात ते भरणे ही कक्षातील सर्वांत नाजूक क्रिया आहे : अगदी बारीक सुई कडेने तिरकी सरकवायची, दट्ट्या सावकाश दाबायचा, कातडी फिकट पडून ताणली जाताना दिसली, की थांबायचे, कारण बोटाच्या बंदिस्त जागेत जास्त औषध गेले, तर रक्तपुरवठाच अडतो. रुग्णाला हे फार दुखते. सुरुवातीला असे इंजेक्शन देताना परिचारिका ‘काही होत नाही’ असे म्हणत; पुढे अनुभवाने ती पद्धत बदलली आणि ‘दुखेल, मिनिटभर दुखेल, आणि ते कशासाठी दुखते, ते ऐका’ असे सांगणे सुरू झाले. खरे सांगितलेला रुग्ण हात कमी झटकतो आणि पुढच्या मात्रेला परत येण्याची शक्यताही वाढते, असे कक्षात दिसून आले.

मुलांच्या बाबतीत अडचण दुखण्याच्या आधीच सुरू होते, कारण मुले मुळात सांगतच नाहीत. जिन्याखालच्या पिल्लाला उचलताना त्याने किंवा त्याच्या आईने बोचकारलेले असते, घरी कळले, तर ओरडा बसेल आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील, या दुहेरी भीतीने ओरखडा बाहीखाली झाकला जातो आणि आंघोळीच्या वेळी आजीला दिसतो. चौदा इंजेक्शनांची भीती आजीच्या पिढीकडूनच आलेली असते आणि ती काल्पनिक नाही. डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे १९११ च्या सुमारास तयार केलेली लस मेंढीच्या मेंदूतील ऊतींपासून बनवत, ती पोटाच्या कातडीखाली रोज टोचावी लागे आणि तिच्यामुळे कधीकधी मेंदूला व मज्जासंस्थेला गंभीर इजा होई. तिचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस थांबले आणि आता पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून केलेली सुरक्षित लस दंडात दिली जाते, अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या बाहेरील भागात दिली जाते. पोटात किंवा कुल्ल्यात ती देतच नाहीत. ही हकिगत मुलापेक्षा त्याच्यासोबतच्या वडीलधाऱ्यांना सांगण्याचा परिणाम अधिक होतो, हे कक्षाला उशिरा उमगले. आजीचा चेहरा निवळला, की नातवाचा हात आपोआप पुढे येतो.

लस देण्याची पद्धतही पुढे बदलली. स्नायूत संपूर्ण मात्रा देण्याच्या पद्धतीत ० (शून्य), ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी अशा पाच फेऱ्या होतात. २००६ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या पद्धतीत कातडीच्या थरात दोन ठिकाणी प्रत्येकी ०.१ मिलिलिटर एवढीच लस देतात आणि ० (शून्य), ३, ७ व २८ या दिवशीच्या चार फेऱ्यांत काम होते. सुई बरोबर थरात गेली, की मसुरीएवढा फिकट फुगवटा उठतो. तो उठला नाही, तर लस खाली गेली, असे समजून पुन्हा टोचावे लागते. थोड्या लशीत अधिक रुग्णांचे काम होऊ लागल्याने साठा पुरण्याची चिंता पुष्कळ कमी झाली, पण अर्धवट सोडून जाणाऱ्यांची चिंता तशीच राहिली. रोजंदारीवरचा माणूस पहिल्या दोन मात्रा घेतो, तोवर जखमेवर खपली धरून ती पडूनही जाते, आणि बुडणाऱ्या मजुरीपुढे बऱ्या झालेल्या जखमेचे इंजेक्शन त्याला अनावश्यक वाटते. शिवाय दिवस मोजण्याचा घोळ असतो, कारण शून्य दिवस म्हणजे पहिली मात्रा घेतल्याचा दिवस, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही आणि काही जण दंशाच्या दिवसापासून मोजू लागतात. यावर कक्षाने शोधलेला उपाय अगदी साधा आहे. पहिली मात्रा ज्या वारी, त्याच वारी पुढच्या आठवड्यातली तिसरी आणि चार आठवड्यांनंतरची चौथी मात्रा येते. मधली दुसरी तेवढी तीन दिवसांनी असते. पहिली सोमवारी घेतली, तर ‘गुरुवार, मग सोमवार, मग त्यानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा सोमवार’ असे तोंडी म्हणवून घेतले आणि केसपेपरवर तारखेसोबत वार लिहिला, की अक्षरओळख नसलेल्यालाही ते लक्षात राहते. एखादी मात्रा चुकली, तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेली लवकरात लवकर घेऊन पुढे जायचे असते, हेही त्याच वेळी सांगितले जाते, कारण चुकल्याच्या संकोचानेच अनेक जण परत येत नाहीत.

विचारण्याची भाषा बदलावी लागली ती मुख्यतः मांजरांना जीव लावणाऱ्या माणसांमुळे. ‘पाळलेले की भटके?’ या छापील प्रश्नाला सोसायटीच्या आवारात रोज दूध-मासळी घालणारी व्यक्ती मनापासून ‘आमचेच आहे’ असे उत्तर देते, आणि त्यावरून मांजराला लस दिलेली असेल, असा चुकीचा अंदाज बांधला जातो. काही जण तर ओरखडा दाखवायलाच कचरतात, कारण बातमी फुटली, तर सोसायटीतले लोक मांजरे दूर नेऊन सोडतील, अशी त्यांना धास्ती असते. त्यामुळे ते मांजर रात्री कुठे असते, त्याला लस टोचल्याचे कार्ड आहे का आणि पुढचे दहा दिवस ते रोज नजरेस पडेल का, असे तीन प्रश्न विचारण्याची रीत पडली. त्यात आरोप नसल्याने उत्तरे खरी मिळतात. दहा दिवसांचा आधार असा, की कुत्र्या-मांजरांच्या लाळेत विषाणू लक्षणांच्या केवळ काही दिवस आधी उतरतो आणि लक्षणे दिसल्यावर प्राणी लवकरच मरतो. चावताना लाळेत विषाणू असता, तर मांजर दहा दिवस धडधाकट राहिले नसते. तेवढे दिवस ते निरोगी राहिले, तर पुढील मात्रांबाबत डॉक्टर निर्णय बदलू शकतात. मात्र हे निरीक्षण उपचार सुरू करून मग करायचे असते, दहा दिवस वाट पाहून लस घेणे म्हणजे मौल्यवान वेळ घालवणे होय. आणि जे मांजर पळून गेले, ओळखता येत नाही किंवा मेले, त्याच्या दंशात पूर्ण उपचार घ्यावेच लागतात. मांजराला मारणे किंवा हाकलून देणे सर्वांच्याच तोट्याचे असते, कारण त्याबरोबर निरीक्षणाची संधीही जाते. नेहमी माणसाळलेले मांजर एकाएकी अंधाऱ्या कोपऱ्यात दडू लागले, त्याचा आवाज बदलला किंवा ते न डिवचता अंगावर आले, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकाला कळवावे.

या कामाकडे पाहण्याची दृष्टी कायमची बदलते, ती रेबीज झालेला रुग्ण पाहिल्यावर. संसर्गजन्य रोगांच्या विभागात ज्या परिचारिकांनी असा रुग्ण सांभाळला आहे, त्यांच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी येते : रुग्ण मधूनमधून पूर्ण शुद्धीवर असतो, घरच्यांना ओळखतो, नीट बोलतो, तहान लागल्याचे सांगतो, आणि पाण्याचा पेला ओठांशी नेताच त्याच्या घशाचे स्नायू आवळून येतात; पंख्याची झुळूकही तशीच उबळ आणते. त्या वेळी औषधाने फक्त त्रास थोडा हलका करता येतो. असा रुग्ण पाहिलेली परिचारिका लसीकरण कक्षात बसते, तेव्हा रांग कितीही लांब असली, तरी ठिपक्याएवढ्या जखमेकडे बोट दाखवून ‘हे सोडून द्या ना’ म्हणणाऱ्याला ती सोडत नाही. गरोदर स्त्रीने लस घ्यावी की नाही, अंगावर पाजणाऱ्या आईने घ्यावी की नाही, या प्रश्नांना ती ठामपणे होकारार्थी उत्तर देते, कारण या आजारापुढे लशीला कोणतीही आडकाठी मानलेली नाही. पूर्वी पूर्ण मात्रा घेतलेल्या रुग्णाला पुन्हा दंश झाल्यास शून्य आणि तिसऱ्या दिवसाच्या दोनच मात्रा पुरतात आणि प्रतिपिंडे लागत नाहीत, म्हणून जुना कागद जपून ठेवण्याचा आग्रहही ती धरते.

कक्षाबाहेर करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते करता येते, हे गोव्याने दाखवले. तेथे राज्य शासन आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी कुत्र्यांचे व्यापक लसीकरण वर्षानुवर्षे नेटाने केले आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबल्यावर २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कुत्र्यांमधला विषाणू आटला, की मांजरांकडे येणारी त्याची वाटही बंद होते. ज्या सोसायटीत मांजरांना खायला घातले जाते, तेथे त्यांच्या लसीकरणाची आणि निर्बीजीकरणाची जबाबदारीही त्याच मायेचा भाग मानायला हवी. तोवर घरोघरी करता येण्याजोगी गोष्ट एकच आहे, आणि कक्षातील सगळ्या वर्षांचे सार तीत येते : मांजर चावल्याचे सांगणाऱ्या मुलाला, कामवालीला किंवा म्हाताऱ्या आईला त्या क्षणी कोणी रागावू नये, आधी नळ सोडावा, हातात साबण द्यावा आणि घड्याळ पाहावे, कारण पुढचे सगळे उपचार सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळतात, पण जखमेबद्दल पहिल्याच दिवशी सांगण्याचे धैर्य घरातच मिळावे लागते.